आजीचं तबक आणि टॉन्क्सची भट्टी

चेल्टनहॅम,
२ फेब्रुवारी १९५९

ती. ऑलिव्हताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार नेहमीचा, विनंती मोठी आणि विशेष या वेळी खरोखरच विशेष आहे. तेव्हा हे पत्र शेगडीपाशी उभं राहून, एका हातानं रस्सा ढवळत वाचू नकोस. खुर्चीत बस.

नाताळात बिल्स्टनला आलो तेव्हा मी दिवाणखान्यातल्या आजीच्या तबकाचा फोटो काढला होता आणि तू म्हणाली होतीस, की बहिणीचा फोटो काढायला याच्याकडे फिल्म उरत नाही, ट्रेचा काढायला उरते. तो फोटो मी पेनरिस नावाच्या गृहस्थांना दाखवला. ते संग्रहालयात असतात. मार्चअखेर ते आपल्याकडच्या जपानकामाचं मोठं प्रदर्शन भरवताहेत. पत्र्यावर काळं रोगण चढवून भट्टीत भाजलेली तबकं, चहाचे डबे, कोळशाचे डबेसुद्धा. मी त्यांना म्हटलं, आमच्या घराण्यात कुणी जपान पाहिला नाही, तरी दोन पिढ्यांची चूल जपानवरच पेटली. ते हसले आणि मग गंभीर झाले.

म्हणाले, की त्यांनी ढीगभर तबकं जमवली आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर कारखान्याच्या मालकाचा छाप आहे. पुढचे गुलाब कुणी काढले, कुणालाही माहीत नाही. बायका काढायच्या, एवढंच माहीत. आजीचं तबक वेगळं. काठ वाकडा आला म्हणून कारखान्यानं टाकून दिलेलं. ते तिनं घरी आणलं आणि लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात स्वतःच्या घरासाठी स्वतः रंगवलं. त्यावर कुणाचा छाप नाही. पेनरिस ते मधल्या काचेच्या कपाटात ठेवणार आणि खाली पाटी लावणार: केझाया फेरडे, बिल्स्टन. ताई, त्या सगळ्या दालनात नाव असलेली ती एकटी चित्रकार असेल.

आता विनंती. तबकाला हात लावायचा नाही. ओलं फडकं नाही, कोरडंही नाही. मधलं टक्कल, सुरीचे ओरखडे, उडालेला वर्ख, सगळं आहे तसं हवंय. बाबांना ही आनंदाची बातमी सांग, पण तबकापासून लांब उभं करून सांग.

बायकोचं विचारशील, तर डॅफ्नी फुलं मांडायच्या वर्गाला जाते. घरात किटली सोडून प्रत्येक भांड्यात फांदी खोचलेली आहे. काल मी दाढीचा मग शोधत होतो, त्यात विलोची फांदी होती.

तुझा लोभ मला जन्मापासून पुरला आहे. या खेपेला त्यातला थोडा त्या तबकावर कर.

तुझा,
क्लेम

—

बिल्स्टन,
८ फेब्रुवारी १९५९

चि. क्लेमेंट यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. खुर्चीत बसून वाचलं. रस्सा लागला. कळावं म्हणून लिहिलं.

बाबांना बुधवारी सांगितलं. मटाराबरोबर फॅगट्सचे कलेजीचे गोळे केले होते. त्यांनी दोनदा परत सांगायला लावलं. मग विचारलं, की नाव नक्की कुणाचं लिहिणार, कारखान्याचं की आईचं. मी म्हटलं, आजीचं. त्यांनी काटा खाली ठेवला आणि उठून मागच्या अंगणात कबुतरांकडे गेले. फॅगट्स अर्धे टाकून उठलेले बाबा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. आत आले तेव्हा नाक लाल होतं. बाहेर गारठा फार आहे म्हणाले.

तेव्हापासून गावात राहणं कठीण झालंय. चॅपेलमध्ये सांगून झालं, कबुतरवाल्यांच्या क्लबात सांगून झालं. खाटकाच्या रांगेत त्यांनी आपली आई संग्रहालयात चालली म्हणून जाहीर केलं. मिसेस हिकमनला वाटलं, कुठं खणताना हाडं सापडली. तिनं माझं सांत्वन केलं.

एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. शुक्रवारी पाहते तर बाबा ऐंशीला टेकलेल्या वयात दिवाणखान्यातल्या खुर्चीवर चढून, नाक तबकाला लावून उभे. विचारलं, की हे असंच काचेत ठेवणार का. मी म्हटलं, असंच. विचारलं, दिवे असतील का. मी म्हटलं, संग्रहालय आहे, दिवे असणारच. ते हं म्हणाले. क्लेम, तुला बाबांचं हं माहीत आहे. आपल्या आईनं दिवाणखान्याला फुलाफुलांचा कागद लावायचा म्हटलं होतं तेव्हा असंच हं म्हणाले होते आणि आपण शाळेतून आलो तेव्हा भिंती हिरव्या होत्या.

काल दिवसभर धुण्याच्या खोलीला आतून कडी होती आणि दाराखालून टर्पेंटाइनचा वास. म्हणाले, कोळशाच्या डब्याला हात देतोय. कोळशाच्या डब्याला आणखी काळं कशासाठी करायचं हे विचारणारच होते, तेवढ्यात दुधवाला आला. दिवाणखान्यात मी डोकावले नाही. तिथं किती थंडी असते तुला माहीत आहे. फेब्रुवारीत तिथं पाद्री आणि मयत, दोघेच टिकतात.

तुझ्या दाढीच्या मगाबद्दल वाईट वाटलं. लोभ कर, आणि डॅफ्नीला सांग, माझ्या वाढदिवसाला फांदी नको.

तुझी ताई,
ऑलिव्ह

—

चेल्टनहॅम,
११ फेब्रुवारी १९५९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बाकीचं राहू दे.

दिवाणखान्यात जा. आत्ता जा. हे पत्र हातात धरूनच जा आणि भिंतीवर तबक आहे का बघ.

कोळशाच्या डब्याला हात देतोय! ताई, तू पन्नाशी ओलांडलीस, त्यातली बहुतेक वर्षं त्या माणसाच्या घरात काढलीस आणि तुला हे पटलं? ज्या माणसानं उभी हयात जपानच्या भट्टीपाशी काढली आणि ती बंद पडल्यावर सायकलींच्या सांगाड्यांना काळं करत पेन्शन गाठली, त्याला टर्पेंटाइन घेऊन खोलीत एकटं सोडायचं?

तुला वाटेल, मी उगाच आकांडतांडव करतोय. पण माझा धंदाच हा आहे. माझ्या जुन्या वस्तूंच्या दुकानात बायका येतात, झिजलेल्या स्टुलावरून डोळे मिटून हात फिरवतात आणि घरी जाऊन नवऱ्याचे झिजलेले बूट कचऱ्यात टाकतात. मी त्यांना हसतो, पण पेनरिसना हसत नाही. त्यांना झीज शोभेसाठी नको आहे. त्यांना आजीच्या हातची रेघ हवी आहे, आणि तिच्यावर नवं रोगण बसलं की ती रेघ तिची राहिली का बाबांची झाली, हे सांगणारा माणूस जगात नाही.

उत्तर उलट टपालानं पाठव. लोभाचं नंतर बघू.

क्लेम

—

बिल्स्टन,
१६ फेब्रुवारी १९५९

चि. क्लेमेंट यास,

आशीर्वाद शेवटी देते, उरले तर.

काल चॅपेलचा वार्षिक चहा होता. पाद्रीबुवांनी पहिला बन उचलला, चावला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी आजवर फक्त कबरीच्या कडेला पाहिला होता. सभ्य माणूस. गिळला. मग मिसेस हिकमननं खाल्ला. ती सभ्य नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की या बनला नुकत्याच रंगवलेल्या दाराची चव आहे. बेकर टॉन्क्स कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं बाबांकडे पाहिलं. मग सगळ्या चॅपेलनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

घडलं ते असं. तुझं पत्र आलं तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीवर नुसता खिळा होता. धुण्याच्या खोलीचं दार ठोठावलं तर आतून उत्तर आलं, की काम ओलं आहे, वारा लागेल. दार उघडलं तोवर सगळं उरकलं होतं. मधलं टक्कल काजळी आणि रोगणानं भरून काढलं होतं. गुलाब एकेक करून नव्यानं काढले होते. काठाला नवा वर्ख. शनिवारी टॉन्क्सचे पाव बाहेर निघाल्याबरोबर बाबांनी ते माझ्या चांगल्या टेबलक्लॉथात गुंडाळून त्याच्या भट्टीत नेऊन ठेवलं. टॉन्क्स कबुतरांमुळे मित्र, त्याला नाही म्हणता येईना. बाबांनी बजावलं होतं, की मंद आचेवर संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही. पण टॉन्क्सला चॅपेलचे बन भाजायचे होते. त्यानं तबक दुपारीच ओढून बाहेर काढलं आणि तसेच बनांचे पत्रे आत ढकलले. बाबांना राग बनांचा नाही. अर्धवट भाजलेलं काम भट्टीबाहेर काढणारा माणूस पाव तरी कसे भाजत असेल, हा त्यांचा राग आहे. तेही ते चॅपेलमध्येच बोलले.

मी म्हटलं, क्लेमनं हात लावू नका म्हणून कळवलं होतं, मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. म्हणाले, ते ओलं फडकं घेऊन फिरणाऱ्यांसाठी, त्यात काम येणाऱ्यांना बंदी कुठं होती. मग म्हणाले, आई जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं चारचौघांत चाललीय, दिवे लावून तिच्याकडे बघणार आहेत, आणि मी तिला फाटक्या परकरात पाठवू? कारखान्यात असं तबक कुणाच्या बाकावर दिसलं असतं तर फोरमननं ते उचलून नाकाखाली धरलं असतं.

तबक आता परत खिळ्यावर आहे. नुसता काळा आरसा. त्यात मला माझं तोंड दिसलं, ते काही फार सुखाचं नव्हतं. गुलाब असे ताजे, की पाणी घालावंसं वाटतं. खरं सांगते क्लेम, सुंदर आहे. इतकं सुंदर, की ते काढून त्यांच्याच डोक्यात घालावं असं वाटलं. बोट लावलं तर अजून किंचित चिकटतं.

आज आमच्या गल्लीत टॉन्क्सचा पाव कुणी घेतला नाही. लोभ माझा शिल्लक आहे, फक्त कुणावर करायचा ते ठरत नाही.

ताई

ता. क. टेबलक्लॉथ गेला.

—

चेल्टनहॅम,
१८ फेब्रुवारी १९५९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी दुकानाला कुलूप लावलं आणि पाटी उलटी करायची विसरलो, त्यामुळे दोन गिऱ्हाइकं दार हलवत बसली.

पेनरिस नेमके आजच आले. लपवणार काय? सांगितलं. ते मागं सरकले आणि ज्या खुर्चीवर कृपया बसू नये असं लिहिलं आहे तिच्यावर बसले. मी त्यांना उठवलं नाही, खुर्चीही मोडली नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, की भट्टीत किती वेळ होतं. मी म्हटलं, बन आत जाईपर्यंत. तेव्हा त्यांचा चेहरा जरा उजळला.

त्यांचं म्हणणं असं. रोगण पूर्ण भाजलं गेलं असतं तर विषय संपला होता. ते कच्चं आहे म्हणूनच कदाचित टर्पेंटाइननं पुसून निघेल, आणि खालचं आजीचं काम मुरलेलं आहे, पक्कं आहे, ते टिकेल. पण वरच्या थरात काय काय घातलं आहे हे घालणाऱ्यालाच माहीत. परक्यानं हात लावला तर दोन्ही जाईल. म्हणजे ताई, ज्यानं चढवलं त्यानंच उतरवायला हवं. टॉन्क्सच्या बनांवर आपल्या कुटुंबाची सारी आशा आहे, हे वाक्य मला लिहावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि आहे तसंच ठेवता येणार नाही का, तर नाही. खाली केझाया लिहायचं आणि वर दिसणार तिचा मुलगा जेबेझ, ते खोटं होईल, असं पेनरिस म्हणाले. बाबांबद्दल आदरानं बोलले. बाबांचं काम पाहून नव्हे, बनांची हकीकत ऐकून.

बाबांना हे तूच सांग. माझ्यात धीर नाही, आणि टपालखर्चही तुझ्याच दिशेनं जास्त होतोय.

लोभ ठेव, आणि काड्यापेट्या लपव.

क्लेम

—

बिल्स्टन,
२३ फेब्रुवारी १९५९

चि. क्लेमेंट यास,

अनेक आशीर्वाद. उत्तम हा शब्द यातून वगळला आहे.

सांगितलं. मला वाटलं होतं भांडी फुटतील. पण बाबा खुर्चीत बसून राहिले आणि त्यांनी विचारलं, की आई खाली आहे ना अजून. क्लेम, इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा चिडायची थांबले. तो माणूस रागावला नव्हता, घाबरला होता. आपण आईचं बिघडवलं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, असेल, बघायला हवं. तेव्हा उठले आणि बाह्या वर केल्या.

आज चौथा दिवस. कापसाचा बोळा, टर्पेंटाइन, थोडं तेल. बोटाएवढी जागा पुसायची, थांबायचं, चष्मा बदलून बघायचं. मला खोलीत यायला बंदी, पण चहा आत नेताना दिसतंच. स्वतः काढलेले गुलाब ते स्वतः पुसताहेत आणि खालून तिचे फिकट गुलाब वर येताहेत. काल डाव्या कोपऱ्यातलं एक पान त्यांच्या रंगाबरोबर निघून आलं. तिचं पान. बोळ्यावर हिरवा डाग. त्यांनी तो बोळा टाकला नाही, खिडकीत ठेवला आहे. चहा प्याले नाहीत, जेवले नाहीत. शनिवारी वूल्व्ह्जची फुटबॉलची मॅच होती, तीही विचारली नाही.

तुला वाटत असेल, चला, मार्गी लागलं. थांब. आज दुपारी त्यांनी मला बोलावून निर्णय ऐकवला. तबक पुसून देतो, तुमच्या त्या पेनरिसला मळकं हवंय ना, मळकं घेऊन जाऊ दे. पण मग त्यावर आईचं नाव लागणार नाही. नाव हवं असेल तर माझं केलेलं काम राहिलं पाहिजे. जुनं हवं असेल तर बेनामी. मी विचारलं, हे कुठलं त्रांगडं. म्हणाले, की उतरलेल्या कामावर माणसाचं नाव घालणं म्हणजे त्याचा अपमान. कारखान्यात खराब निघालेल्या तबकावर कुणाचं नाव नसायचं, तीच त्यातल्या त्यात दया होती. लोक काचेपाशी येणार, टक्कल बघणार, नाव वाचणार आणि म्हणणार, ही बाई असलं काम करायची होय. ते चालणार नाही.

मी म्हटलं, लोकांना कळतं. म्हणाले, लोकांना कळत असतं तर मिसेस हिकमननं दुसरा बन खाल्ला असता का.

तिनं खरंच दुसरा खाल्ला होता.

लोभ आहे. दमलेला आहे.

ताई

—

चेल्टनहॅम,
२६ फेब्रुवारी १९५९

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

बेनामी! नाव हीच तर सगळी गोष्ट आहे. पेनरिसकडे बेनामी तबकांची चळत आहे, गोदामात भिंतीला टेकून उभी. नाव नसेल तर आजीचं तबक ते मधल्या कपाटात तर सोडच, कुठंच ठेवणार नाहीत. आज फोनवर स्पष्ट म्हणाले, आणि दिलगिरीनं म्हणाले, त्यामुळे जास्त चीड आली. भांडायलाही माणूस द्यायचा नाही हा कुठला न्याय?

आजी कारखान्यात गुलाब काढत म्हातारी झाली. ती तबकं लंडनला गेली, अमेरिकेला गेली, तुमच्या-आमच्या राणीच्या पणजीच्या घरीसुद्धा एखादं गेलं असेल. सगळ्यांवर नाव मालकाचं. आता एकदा, एकदाच, कुणी विचारतंय की ही कोण होती, आणि तिचा सख्खा मुलगा म्हणतोय, सांगू नका, तिचे कपडे नीट नाहीत. मला हसू येत नाही ताई.

मी मंगळवारी बाबांना पत्र लिहिलं होतं. त्यांनी ते न उघडता परत पाठवलं, वर लिहून, की पत्ता बरोबर आहे, वेळ चुकली. आता तूच काही कर. तू त्यांना काही पटवू शकत नाहीस असं तू म्हणशील. फ्लॅनेलचे बनियन पटवलेस ना? तसं काहीतरी.

पेनरिस स्वतः शनिवारी, सात मार्चला, बिल्स्टनला येतो म्हणालेत. मी हो म्हटलं आहे. मला शिव्या द्यायच्या तर पुढच्या पत्रात दे. त्यांना चहा दे, बन देऊ नकोस.

लोभाची आता खरी गरज आहे.

क्लेम

—

बिल्स्टन,
८ मार्च १९५९

चि. क्लेमेंट यास,

अनेक आशीर्वाद. शिव्या राखून ठेवल्या आहेत, ईस्टरला समोर बसवून देईन.

पेनरिस आले. मी दिवाणखान्यात सकाळपासून शेकोटी पेटवली, हॅम कापलं, पीचचा डबा फोडला. बारीक, उंच, फार शालीन माणूस. त्यांनी पिशवीतून पांढरे हातमोजे काढून चढवले. बाबांनी विचारलं, की हाताला खरूज वगैरे आहे का. त्यांनी नाही म्हटलं आणि न रागावता समजावलं. बाबा म्हणाले, की शेवटची चकाकी पोरी उघड्या तळहातानं घासून आणायच्या, आई म्हणायची, घरी पोराच्या गालाला हात लावला तर पोरगं रडायचं, इतका खरखरीत व्हायचा. पोरगं म्हणजे बाबाच असणार. पेनरिसनी थोड्या वेळानं मोजे काढले.

तबक मधे टेबलावर. बाबांचं काही उरलेलं नाही. टक्कल, ओरखडे, फिकट गुलाब, आणि डाव्या कोपऱ्यात पानाची रिकामी जागा. पेनरिसना त्यावरून नजर हलवेना, आणि बाबांना ते बघवेना. मग दोघांनी नावावरून सुरुवात केली. एक म्हणतो, नावाशिवाय नेणार नाही. दुसरा म्हणतो, नावासकट देणार नाही. दोघंही इतके सभ्यपणे, की मला वाटलं मी आता किंचाळेन. पीच तसेच. हॅम तसंच.

मला शहाणपण सुचलं असं समजू नकोस. मी वैतागले होते, बस. मी म्हटलं, पुरे करा. बाबा, तुम्हाला एवढी लाज वाटते ना त्या झिजेची, मग सांगा, कुणी झिजवलं हे? मी नाही. मला आठवतंय तेव्हापासून ते खिळ्यावर आहे, त्यावर बिस्किटसुद्धा ठेवायला बंदी.

बाबा म्हणाले, खिळ्यावर मी लावलं, ती गेल्यावर. तिनं कधी लावलं नाही. मी म्हटलं, मग ती काय करायची? म्हणाले, काय करणार, वापरायची. रोज. पाव त्यावरच कापायची, फळी घ्यायला तुझ्या आजोबांना कधी सुचलं नाही, म्हणून ते सुरीचे ओरखडे. मधे किटली. शेजारी कुणी बाळंत झाली की त्यावर सूप घेऊन निघायची. उजव्या काठाला वर्ख नाही ते का, असं मी विचारलं. त्यांनी तबक उचलून दाखवलं. एका हातानं धरायची, कारण दुसऱ्या काखेत कुणीतरी मूल असायचं. अंगठा तिथं यायचा.

बोलता बोलता त्यांचा अंगठा तिथंच गेला होता. बरोबर त्या उघड्या पत्र्यावर. त्यांच्या ते लक्षात आलं. पेनरिसनी खिशातून वही काढली आणि न लिहिता परत ठेवली, हे त्यांचं मला आवडलं.

मी म्हटलं, म्हणजे हेही तिनंच केलंय. बाबांनी तबक खाली ठेवलं, हं म्हणाले आणि कबुतरांकडे निघून गेले. अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत. पेनरिस गाडीची वेळ झाली म्हणून रिकाम्या हातानं गेले. हॅम मात्र त्यांनी दोनदा घेतलं. काय ठरलं, मला माहीत नाही. हे हं कुठल्या जातीचं होतं तेही सांगता येत नाही. मी भिंतींच्या रंगाकडे लक्ष ठेवून आहे.

लोभ आहेच रे. तो काय, जाईल कुठं.

ताई

—

बिल्स्टन,
१० मार्च १९५९

चि. क्लेमेंटास,

आशीर्वाद. तुझी बहीण सांगते, मी पत्र परत पाठवलं ते बरं नाही केलं. असेल. तू लांबलचक लिहितोस.

त्या पेनरिसला कळव, की तबक गुरुवारी टॉन्क्सच्या गाडीतून येईल. टॉन्क्सच नेतो म्हणतो. मधे कुठं थांबायचं नाही आणि गाडीत पाव ठेवायचे नाहीत, असं त्याला सांगितलं आहे.

पाटी मी सांगतो तशीच हवी. त्यानं आपले शहाणे शब्द घालायचे नाहीत. लिहायचं:

हे तबक केझाया फेरडे, बिल्स्टन, हिनं रंगवलं. झिजवलंही तिनंच.

त्याला हे संग्रहालयाच्या भाषेत बसत नाही, असं तो म्हणेल. मग म्हणावं, तबक परत पाठव, माझ्याकडे खिळा आहे.

डाव्या कोपऱ्यात एक पान नाही. ते तिनं नाही घालवलं, मी घालवलं. त्याबद्दल पाटीवर काही नको, तिचं आणि माझं आहे ते. पण त्याच्या कुणी हुशार माणसानं ते भरून काढायला जाऊ नये. मी काढू शकलो असतो. तिच्या हातासारखं, कुणाला ओळखू आलं नसतं. दोन दिवस कुंचला घेऊन बसलो होतो. काढलं नाही.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. कबुतरं बरी आहेत. लोभ करायला तुम्हा लोकांना पत्रात लिहावं लागतं, आमच्या वेळी घरी येत असत. ये.

तुझा बाप,
जेबेझ फेरडे